स्मरणग्रंथाआधी सूची

विचारणा थोडक्यात अशी आहे. कोल्हापुरातले इस्लामी विद्येचे एक अभ्यासक गेल्या वर्षी वारले. घरात दोन खोल्या भरून पुस्तकं आहेत: उर्दू, फारसी, अरबी, मराठी. शिवाय काही हस्तलिखितं, दर्ग्यांच्या इनामी कागदांच्या मोडी नकला, व्याख्यानांच्या कॅसेटी आणि एक जुना संगणक. विद्यार्थ्यांना वर्षदिनाला स्मरणग्रंथ काढायचा आहे, घरच्यांना पावसाळ्याआधी खोल्या मोकळ्या करायच्या आहेत. सुरुवात कुठून करावी?

सूचीपासून करा, स्मरणग्रंथ मागाहून. लेख मागवणारी पत्रं एकदा गेली की सगळ्यांचं लक्ष फोटो, आठवणी आणि मान्यवरांच्या मनोगतांकडे वळतं आणि तेवढ्या अवधीत टिपणांच्या वह्या रद्दीत जातात. आठवणी सांगणारे पुढच्या वर्षीही भेटतील. पुस्तकांच्या समासात पेन्सिलीने केलेल्या नोंदी मात्र एकदा गेल्या की गेल्या. मुस्लिम कायद्याचे थोर अभ्यासक आसफ अली असगर फैजी (१८९९–१९८१) यांचं उदाहरण घ्या. त्यांनी जमवलेली इस्माइली हस्तलिखितं मुंबई विद्यापीठाच्या ग्रंथालयात गेली आणि १९६५ मध्ये त्या संग्रहाची वर्णनात्मक सूची छापून निघाली. इस्माइली पंथावर काम करणाऱ्याला आजही त्या सूचीकडे वळावं लागतं. गौरवग्रंथांच्या वाट्याला हे भाग्य क्वचितच येतं.

हात लावण्याआधी

पहिल्या दिवशी एकही पुस्तक हलवू नका. प्रत्येक कपाटाचा आणि मग प्रत्येक खणाचा मोबाइलने फोटो घ्या, पाठीवरची नावं वाचता येतील इतक्या जवळून. कपाटाला अक्षर आणि खणाला आकडा द्या: क-१, क-२, ख-१. हीच खूण पुढे प्रत्येक पुस्तकाच्या नोंदीत येईल. अभ्यासू माणूस पुस्तकं विषयवार लावत नाही, हातातल्या कामाप्रमाणे लावतो. विजापूरच्या सूफींवरचं उर्दू पुस्तक, शेजारी कोल्हापूरचं गॅझेटिअर आणि त्याला टेकलेली वक्फ कायद्याची प्रत असं दिसलं, तर तिन्ही एकाच लेखासाठी जमवलेली असण्याचा संभव मोठा. 'आधी भाषेवार लावून टाकू' म्हणत कुणी उत्साही विद्यार्थ्याने तासाभरात सगळं वेगळं केलं की हा धागा तुटला. टेबलावरचा आणि उशाशी असलेला ढीग वेगळ्या खोक्यात, आहे त्याच क्रमाने भरा. ते शेवटचं चालू काम असतं.

पुस्तकांत खुणेसाठी घातलेल्या चिठ्ठ्या, एसटीची तिकिटं, लग्नपत्रिकांचे तुकडे काढू नका. एखादी चिठ्ठी गळून पडलीच, तर ती कोणत्या दोन पानांमध्ये होती ते तिच्या कोपऱ्यात पेन्सिलीने लिहून परत ठेवा. टाचण्या आणि यू-पिना मात्र काढाव्याच लागतात. आपल्या दमट हवेत त्या गंजतात आणि कागदाला भोक पाडतात.

उसनं आणलेलं काय आहे हे याच टप्प्यावर शोधा. दर्ग्यांच्या इतिहासावर काम करणाऱ्याच्या घरी मुजावर घराण्यांच्या अस्सल सनदा, इनामपत्रं 'चार दिवस वाचायला' म्हणून आलेली असतात आणि तशीच राहून जातात. घरच्यांना त्याची कल्पना नसते, मागणाऱ्यांना संकोच वाटतो. अशा कागदांचा फोटो काढून, पोच घेऊन ते परत करा आणि पोच संग्रहाच्या फाइलला लावा. हे राहिलं तर पुढे संस्थेला दिलेल्या संग्रहावरच वाद उभा राहतो.

छापील पुस्तकांची नोंद

एक जण उर्दू वाचणारा आणि एक जण टंकणारा अशी जोडी रोज चार तास बसली तर साठ-सत्तर पुस्तकं होतात. दीड-दोन हजारांना महिना-सव्वा महिना धरा. नोंदीत अनुक्रमांक, जागेची खूण, मूळ लिपीतलं नाव, देवनागरीतलं नाव, लेखक, भाषांतरकार, छापखाना आणि गाव, जसं छापलंय तसं वर्ष, त्याचा इसवी सन, पानं, स्थिती, आणि समासात नोंदी आहेत की नाहीत, एवढे रकाने पुरतात. शेवटचा रकाना सगळ्यात मोलाचा.

उर्दू-फारसी-अरबी पुस्तक उजवीकडून उघडतं हे सगळ्यांना ठाऊक असतं, तरी घाईत चूक होतेच. मराठी सवयीने उघडलेलं 'पहिलं पान' पाहून नोंद करणारा छापखान्याची जाहिरात पुस्तकाचं नाव म्हणून लिहून ठेवतो. स्कॅन करतानाही पहिली प्रतिमा उजव्या बाजूच्या वेष्टणाची असली पाहिजे, नाहीतर सगळं पुस्तक शेवटाकडून वाचावं लागतं.

लखनौच्या नवल किशोर छापखान्याची (स्थापना १८५८) शिळाछाप पुस्तकं अशा संग्रहात बहुधा असतातच. त्यांच्याकडे नीट बघा. एका जिल्दीत दोन-तीन ग्रंथ बांधलेले असू शकतात. कधी एक ग्रंथ पानाच्या मधोमध आणि दुसरा चहूबाजूंच्या समासात छापलेला असतो. मुखपृष्ठावर एकच नाव ठळक असल्याने समासातला ग्रंथ सूचीतून निसटतो. प्रत्येक ग्रंथाची वेगळी नोंद करा आणि जागेची खूण मात्र एकच ठेवा.

सगळ्यात मोठा घोळ लेखकांच्या नावांत होतो, कारण तयार तक्त्यात 'आडनाव' नावाचा रकाना असतो. त्यात 'खल्दून, इब्न' असं बसवतात. 'रहमान, अब्दुर' तर सर्रास दिसतं, पण अब्दुर्रहमान हे एकच नाव आहे, त्याचे तुकडे होत नाहीत. अबू हामिद मुहम्मद इब्न मुहम्मद अल-गझाली यात अबू हामिद ही कुनियत, म्हणजे 'अमक्याचा बाप' अशा धर्तीचं नाव, मुहम्मद हे खरं नाव, इब्न मुहम्मद म्हणजे बापाचं नाव सांगणारा नसब आणि गझाली ही गाव, धंदा किंवा घराणं सांगणारी निस्बत. माणूस ज्या अंशाने ओळखला जातो त्याखाली नोंद करा: इथे 'गझाली', तिकडे 'इब्न खल्दून'. सुरुवातीचा 'अल' वर्णक्रमात धरायचा नाही. मौलाना, सय्यद, हाजी या उपाध्या नावानंतर कंसात टाका, नाहीतर 'म' अक्षराखाली निम्मे लेखक गोळा होतात.

देवनागरीत लिहिताना एकच नियम धरा. कुराण, हदीस, सूफी ही मराठीत रुळलेली रूपं घ्यावीत, कारण शोधणारा तीच टंकणार. नुक्त्यांचा, म्हणजे अक्षराखालच्या टिंबांचा, आग्रह सूचीत नको. मूळ लिपीचा रकाना त्यासाठीच आहे.

हस्तलिखितं आणि तारखा

हस्तलिखिताला ओला फडका किंवा थुंकी लावलेलं बोट लागता कामा नये. जुनी काळी शाई बहुतेक काजळीची, डिंकात कालवलेली असते. ती कागदात फारशी मुरत नाही, वर बसते, आणि पाणी लागलं की सुटते. पानाला हिरवी चौकट असेल तर आणखी जपून. तांब्यापासून केलेला जंगाल रंग कागद खातो आणि चौकटीच्या रेषेवरच पान तुटून खिडकीसारखं बाहेर येतं. असं पान उलटताना खाली दुसरा कोरा कागद धरावा. चिकटपट्टी आणि लॅमिनेशन या दोन गोष्टींनी वाळवीपेक्षा जास्त नुकसान केलं आहे. फाटलेलं पान कोऱ्या कागदाच्या घडीत ठेवा आणि दुरुस्ती जाणकारावर सोडा. तो पातळ जपानी टिश्यू आणि गव्हाच्या स्टार्चची खळ वापरतो, जी पुढे काढताही येते.

हस्तलिखिताच्या पत्रांना, म्हणजे दोन बाजू मिळून होणाऱ्या एकेका कागदाला, पेन्सिलीने क्रमांक द्या: पत्राच्या पुढच्या बाजूला, वर डाव्या कोपऱ्यात. क्रमांक घालण्याआधी पानं जागच्या जागी आहेत का ते तपासायची सोपी खूण हस्तलिखितातच असते. उघडलेल्या जोडपानात उजवीकडच्या पानाच्या तळाशी, डाव्या कोपऱ्यात एक तिरका शब्द लिहिलेला असतो, आणि तोच समोरच्या पानाचा पहिला शब्द असायला हवा. जुळला नाही तर मधलं पत्र गहाळ आहे किंवा बांधणाऱ्याने क्रम चुकवला आहे. शेवटच्या पानावरचा तरकीमा, म्हणजे लेखनिकाने स्वतःचं नाव, गाव आणि तारीख घालून केलेला समारोप, शब्दशः उतरवून घ्या. बऱ्याचदा पुस्तकाच्या मजकुरापेक्षा ही चार ओळींची माहितीच नवी असते.

तारखांचं गणित इथे येतं. हिजरी वर्ष ३५४ किंवा ३५५ दिवसांचं, त्यामुळे नुसते ६२२ मिळवून चालत नाही. हिजरी आकड्याला ०.९७ ने गुणून ६२२ मिळवा: ११०० हिजरी म्हणजे १६८९ च्या आसपास. एका वर्षाचा फरक पडू शकतो, म्हणून महिना असेल तर कोष्टकात बघूनच पक्की तारीख लिहा. हैदराबादेत छापलेल्या पुस्तकांवर आकड्यापुढे फसलीची, म्हणजे तिथल्या महसुली सनाची, खूण असते. १३४० फसली म्हणजे १९३०-३१. तो आकडा हिजरी समजून मोजला तर १९२१-२२ येतं आणि पुस्तक नऊ वर्षांनी जुनं होतं.

मोडी कागदांत शुहूर सन असतो आणि तो अरबी संख्याशब्दांत लिहिलेला असतो. इहिदे, इसन्ने, सलास, अर्बा, खमस, सीत, सबा, समान, तिसा हे एक ते नऊ. अशर म्हणजे दहा, पुढे अशरीन, सलासीन, अर्बैन, खमसैन, सितैन, सबैन, समानीन, तिसैन. मया शंभर, मयातैन दोनशे, अलफ हजार. 'इहिदे सितैन मया व अलफ' म्हणजे १ + ६० + १०० + १००० = ११६१. हे वर्ष मृगाला बदलतं. म्हणून मृगापासून डिसेंबरअखेरपर्यंतच्या कागदाला ५९९ मिळवायचे आणि जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६००. पानिपतची लढाई १४ जानेवारी १७६१ ची, ती याच ११६१ मध्ये पडते. मोडी वाचणारे शुहूर सहसा चुकवत नाहीत. उर्दूच्या अंगाने येणारे विद्यार्थी मात्र हे शब्द ओळखीचे वाटल्याने त्याला हिजरी सन समजतात, आणि सालं दहा-बारा वर्षांनी चुकतात.

पाऊस

जून ते सप्टेंबर कोल्हापुरात बंद खोलीची आर्द्रता सहज ६५ टक्क्यांच्या वर जाते, आणि तिथून पुढे बुरशी धरते. एक साधा आकड्यांचा आर्द्रतामापक कपाटात ठेवा. पन्नासच्या आसपास असेल तर उत्तम. कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा आणि तळाचा खण रिकामा ठेवा. पुस्तकं गच्च कोंबू नका, हवा खेळली पाहिजे. डांबरगोळ्या माणसाच्या फुफ्फुसाला वाईट आणि कसरीवर फारशा चालत नाहीत. कडुलिंबाचा ओला पाला तर कपाटात दमटपणाच आणतो. पुस्तकं गच्चीवर उन्हात घालायची पद्धत सोडा, शिळाछापाचा कागद उन्हाने ठिसूळ होतो. सावलीत, पंख्याखाली, पुस्तक उभं करून पानं किंचित उघडी ठेवा.

बुरशी आलेली पुस्तकं आधी वेगळी करून पूर्ण सुकवा. त्यानंतर मास्क लावून मऊ ब्रशने पाठीकडून बाहेरच्या दिशेने झटका. ओली असताना पुसली तर डाग कागदात उतरतो. किडे जिवंत असतील, म्हणजे पिठासारखी ताजी भुकटी पडत असेल, तर पुस्तक पॉलिथिनमध्ये हवाबंद गुंडाळून उणे १८ अंशांच्या डीप फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी चोवीस तास उघडायची नाही, नाहीतर दवाने पुस्तक भिजतं. कातडी बांधणी, रंगीत हस्तलिखितं, फोटो आणि कॅसेटी फ्रीझरमध्ये घालू नका.

खोल्या रिकाम्या करणं टळणारच नसेल तर मे महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात खोकी भरा, एका खोक्यात बारा-पंधरा किलोंपेक्षा जास्त नको. मोठी पुस्तकं आडवी, लहान उभी. खोक्याच्या दोन बाजूंना खणाची खूण लिहा.

रद्दीवाल्याला बोलावण्याआधी एक काम अवश्य करा. कुराणाची सुटी पानं, आयती असलेली जुनी कॅलेंडरं, अरबी वाचनपुस्तकं वेगळी काढा. ती रद्दीत जात नाहीत. बऱ्याच मशिदींत त्यासाठी पेटी असते. इमामसाहेबांना विचारा, ते स्वच्छ जागी पुरायची व्यवस्था सांगतील. पंचगंगेत सोडण्यापेक्षा पुरणं बरं.

कॅसेटींचं काम थोडक्यात. वरच्या दोन्ही प्लास्टिक खिट्ट्या मोडा, म्हणजे चुकून पुसली जाणार नाही. पांढरी पूड दिसली तर ती बुरशी आहे, तशी कॅसेट यंत्रात घालू नका. बाकीच्या एकदा पूर्ण पुढे-मागे गुंडाळून मगच वाजवा आणि अनकॉम्प्रेस्ड, म्हणजे आवाजाचा दर्जा न घटवणाऱ्या, स्वरूपात उतरवून घ्या. जुन्या संगणकातला उर्दू मजकूर बहुधा इनपेज या उर्दू टंकनाच्या प्रोग्राममध्ये आणि मराठी श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये असेल. युनिकोडमध्ये बदलताना आकड्यांचा क्रम आणि जोडाक्षरं बिघडतात, म्हणून मूळ फाइल तशीच जपा आणि त्याच संगणकावरून एक पीडीएफ काढून ठेवा. प्रती तीन हव्यात, त्यातली एक दुसऱ्या घरी.

आता स्मरणग्रंथ

सूची झाली की लेखनसूची जवळजवळ आपोआप तयार होते, कारण स्वतःचे लेख असलेले अंक संग्रहातच असतात. स्मरणग्रंथाची पहिली पन्नास पानं तिला द्या. सत्काराचे फोटो चार पुरेत.

चरित्रटिपणात तीन ठिकाणी हमखास चूक होते. पहिली जन्मतारीख. शाळेच्या दाखल्यावर १ जून असेल तर ती गुरुजींनी घातलेली असण्याचा संभव फार, घरात दुसरा पुरावा आहे का बघा. दुसरी मृत्यूची हिजरी तारीख. हिजरी दिवस सूर्यास्ताला बदलतो, तेव्हा मगरिबनंतरचा मृत्यू पुढच्या तारखेचा धरतात. घरचे चंद्रतिथीने दिवस पाळत असतील तर तो दर वर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे येतो. सभागृह ठरवण्याआधी त्यांना विचारा, आणि ते असा दिवस पाळतच नसतील तर त्याचाही मान ठेवा.

तिसरी चूक उपाध्यांची. हाफिज म्हणजे कुराण मुखोद्गत असलेला, मुफ्ती म्हणजे फतवा देण्याचं शिक्षण घेतलेला. विद्यापीठातून पीएचडी केलेल्या प्राध्यापकाला आदराने 'मौलाना' लिहिलं तर जाणकार वाचक नाराज होतो. मदरशात दर्स-ए-निजामीचा अभ्यासक्रम पुरा केला असेल तर त्याची सनद घरात कुठेतरी चौकटीत लावलेली किंवा गुंडाळलेली असेल. हदीसची इजाजत, म्हणजे ती पुढे शिकवायची गुरूने दिलेली परवानगी, असेल तर त्या अरबी कागदावर गुरूच्या गुरूंची साखळी असते. घरच्यांच्या लेखी तो 'अरबीतला शोभेचा कागद' असतो. चरित्रात मात्र तोच आधी छापला पाहिजे. सेतुमाधवराव पगडी (१९१०–१९९४) यांच्यासारखे फारसी साधनांचे अभ्यासक वेगळे आणि फिकहचे, म्हणजे धर्मशास्त्रीय कायद्याचे, अभ्यासक वेगळे. तुमचे सर यांपैकी नेमके कोण होते, हे पहिल्याच परिच्छेदात स्पष्ट येऊ द्या. 'इस्लामचे गाढे अभ्यासक' या शब्दांनी काहीच कळत नाही.

कुणी उर्दू शायर मृत्युवर्षाची 'तारीख' बांधून देईल, म्हणजे जिच्या अक्षरांच्या अबजद मूल्यांची (अरबी अक्षरांना ठरवून दिलेल्या आकड्यांची) बेरीज ते वर्ष येते अशी ओळ. छापण्याआधी स्वतः बेरीज करा. लिहिलेलं अक्षर मोजायचं, उच्चार नाही. तश्दीद (अक्षर दुहेरी उच्चारायची खूण) असली तरी अक्षर एकदाच: मुहम्मद म्हणजे ४० + ८ + ४० + ४ = ९२. पे, चे, गाफ यांना अनुक्रमे बे, जीम, काफ यांची मूल्यं. बेरीज हिजरीची आहे की इसवीची, ते ओळीखाली लिहा.

लेखांतली अवतरणंही तपासून घ्या. जुन्या युरोपीय पुस्तकांत कुराणाच्या आयतींचे क्रमांक जर्मन अभ्यासक फ्लूगेलच्या १८३४ च्या आवृत्तीप्रमाणे असतात, ते आज रूढ असलेल्या १९२४ च्या कैरो आवृत्तीशी अनेक ठिकाणी जुळत नाहीत. हदीसचे क्रमांक तर प्रकाशकागणिक बदलतात, म्हणून संग्रहाचं नाव, किताब (विभाग) आणि बाब (प्रकरण) द्या.

संग्रह कुठे द्यायचा? मराठी पुस्तकांसाठी करवीर नगर वाचन मंदिर (१८५०) आहे. हस्तलिखितं आणि मोडी नकलांसाठी शिवाजी विद्यापीठाचं खर्डेकर ग्रंथालय किंवा पुण्याचं भारत इतिहास संशोधक मंडळ यांना विचारा. उर्दू पुस्तकं शाहू महाराजांच्या पुढाकाराने १९०६ साली सुरू झालेल्या मुस्लिम बोर्डिंगच्या परंपरेतच राहावीत असं गावातल्या अनेकांना वाटेल. भावना योग्य आहे, पण तिथे किंवा कुठेही देताना आधी विचारा: उर्दू-फारसी वाचणारा माणूस आहे का, सूची किती महिन्यांत होईल, दुबार प्रतींचं काय करता? ग्रंथालयं दुबार प्रत काढून टाकतात. समासात नोंदी असलेली प्रत दुबार नव्हे, हे वाक्य दानपत्रात घालून घ्या, सोबत तुमची सूची जोडा आणि दोघांच्या सह्या प्रत्येक पानावर घ्या. ७५ वर्षांहून जुनी, ऐतिहासिक किंवा वाङ्मयीन मोलाची हस्तलिखितं १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात येतात. परदेशातल्या कुणा अभ्यासकाने मागितली तरी परवानगीशिवाय देशाबाहेर पाठवता येत नाहीत.

सरांच्या लेखनाचा हक्क मृत्यूनंतर ६० वर्षं वारसांकडे राहतो, तेव्हा पुनर्मुद्रणाला सगळ्या वारसांची लेखी संमती हवी, एकट्या थोरल्या मुलाची पुरत नाही. त्यांना आलेल्या पत्रांचा कागद घरच्यांचा असला तरी मजकुराचा हक्क पत्र लिहिणाऱ्याचा असतो. तो हयात नसेल तर त्याच्या वारसांना विचारावं लागतं, आणि हैदराबाद-मुंबईपासून पाकिस्तानपर्यंत पांगलेले ते पत्ते शोधण्यातच सगळ्यात जास्त वेळ जातो. ती संमतीपत्रं सूचीची वाट न पाहता या आठवड्यातच पाठवायला घ्या.